पहिली कथा कोणाला दाखवावी? गावात राहून लिहिणाऱ्यांनी सांगा

बिलबुक (दारव्हा तालुका)
नमस्कार मंडळी. दोन वर्षं तुमचं सगळ्यांचं वाचते आहे, लिहिते मात्र आज पहिल्यांदा.

मी कृषी केंद्रात बिलं फाडायचं काम करते. पेरणीच्या दिवसांत मान वर करायला सवड नसते, पण ऑगस्ट सरला की दुपारी दुकान सुनं पडतं. तेव्हा जुन्या बिलबुकांच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागले. सात कथा झाल्या. सगळ्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्या आहेत.

आजवर दोघांनाच दाखवलं. एक माझ्या शाळेतले सर. पंधरा दिवसांनी कागद परत आले तेव्हा चुकलेल्या प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाभोवती लाल गोल होता, आणि शेवटी 'सुधारणेस वाव आहे'. त्या कथेत सून रात्री घर सोडून निघते. त्याबद्दल एक अक्षर नाही. दुसरी माझी मैत्रीण. तिला पानांचे फोटो पाठवले, तर अर्ध्या मिनिटात अंगठा आला. चार पानं अर्ध्या मिनिटात वाचून होतात का?

मला खरंच कळायला हवं आहे की मी लिहिते ते कथेसारखं आहे की नाही. पण कोणासमोर वाचायचं म्हटलं की हात थंड पडतात. आणि गावात दाखवायचं तर पहिला प्रश्न हाच येणार, 'ही अमक्याच्या सुनेची गोष्ट ना?' तुम्ही सुरुवातीला कोणाला दाखवलं? कसं विचारलं?

संत्राबाग (वरूड)
ताई, एक कथा इथंच टाका. बाकीचं बोलणं मंग.

रातकिडा
संत्राबाग, इतकी घाई करू नका. मी उलट सांगतो. पहिलं वर्षभर कोणालाच दाखवू नये. मी माझी दुसरीच कथा एका प्राध्यापकांकडे नेली. चहा पिता पिता त्यांनी ती चाळली आणि म्हणाले, 'यात नवीन काय आहे?' त्यानंतर तीन वर्षं मी पेन हातात धरला नाही. कपाशी दोन पानांवर असताना तिच्यात बैल घालते का कोणी?

डवरा
दोन पानांवर नाही घालत भाऊ. पण वीस-पंचवीस दिवसांनी डवरा फिरवावाच लागते, नाही तर तण पीक खाऊन टाकते. ताईच्या सात कथा झाल्या. डवरणीची वेळ झाली आहे.

रातकिडा
हे मान्य. पण डवरा कोणाच्या हाती द्यायचा, तेही पाहावं लागतं. शिकाऊ माणसाच्या हाती दिला तर तणासोबत पीकही उपटून येते.

बंडीचं चाक
माझा अनुभव सांगतो. मी यष्टीत कंडक्टर होतो, आता निवृत्त. अर्धी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. रात्री साडेआठला गाडी गावात पोचायची, सकाळी सहाला परत. डबा खाल्ला की ड्रायव्हर आणि मी गाडीतच सीटवर आडवे. तेव्हा मी तिकिटाच्या वहीत गोष्टी लिहायचो आणि कोणाला सांगायचो नाही. एक दिवस ड्रायव्हरसाहेबांनी वही पाहिली आणि म्हणाले, 'वाच.'

टॉर्चच्या उजेडात वाचली. हा माणूस चौथी शिकलेला. 'छान' म्हणाला नाही, 'वाईट' म्हणाला नाही. मधूनमधून फक्त 'मंग?' म्हणायचा. एका जागी त्याचा 'मंग?' बंद झाला. पाहतो तर घोरून राह्यला. दुसऱ्या मुक्कामाला तीच गोष्ट पुन्हा वाचली, तर पुन्हा त्याच जागी झोप. तिथं मी नदीचं वर्णन दीड पान लिहिलं होतं. ते दीड पान काढून टाकलं आणि तिसऱ्यांदा वाचली. शेवटपर्यंत 'मंग?' 'मंग?' सुरू.

अकरा वर्षं तोच माझा परीक्षक होता. त्याला कथा, आशय, शैली यातलं काही ठाऊक नव्हतं. पण गोष्ट कुठं मेली हे त्याच्याइतकं नेमकं मला पुढं कोणी सांगितलं नाही. बिलबुक ताई, कोणाच्या हाती कागद देऊ नका. वाचून दाखवा. कागद दिला की माणूस मास्तर होतो, वाचून दाखवलं की श्रोता होतो.

संत्राबाग
काका, ही तर तुमचीच एक गोष्ट झाली. लिहून काढा.

पळसफूल (वर्धा)
मी शिक्षिका आहे, म्हणून त्या सरांच्या बाजूनं थोडं बोलते. वह्या तपासून तपासून हाताला तीच सवय लागते. कागद समोर आला की आधी वेलांटी दिसते. सरांनी पंधरा दिवस ठेवून सगळी पानं वाचली हेही काही कमी नाही. चूक एवढीच झाली की काय पाहायचं हे तुम्ही सांगितलं नाही.

'कशी वाटली?' हा प्रश्न विचारूच नये. त्याला 'छान' सोडून दुसरं उत्तर नसतं, समोरचा तरी काय करेल? मी माझी गोष्ट देताना सोबत पेन्सिल देते आणि म्हणते, 'जिथं वाचायचं सोडून मोबाइल पाहावासा वाटला, तिथं रेघ मारा.' यात कोणाला वाईट बोलावं लागत नाही. वाचणाऱ्याला वाटतं आपण स्वतःबद्दल सांगतो आहोत, आणि मला मात्र माझ्या गोष्टीतला खड्डा सापडतो. मग दुसऱ्या दिवशी न सांगता विचारते, 'काय आठवतं त्यातलं?' रात्रभरानंतर जे डोक्यात राहिलं ते खरं. एकदा माझ्या नणंदेला अख्ख्या कथेतला फक्त उंबऱ्यावर ठेवलेला गडवा आठवला. मी पुढचा मसुदा त्या गडव्यापासून सुरू केला.

ऱ्हस्व-दीर्घ सर्वांत शेवटी पाहायचं. भिंत पाडायची की ठेवायची हे ठरायच्या आत तिला चुना कोण लावतं?

काटेसावर (बुलडाणा)
बिलबुक, तुमच्या दुसऱ्या भीतीबद्दल लिहिते, कारण ती मी भोगली आहे. हात थंड पडतात ते मागाहून कमी होतं. गावानं ओळखायची भीती मात्र खरी आहे.

माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात आली. त्यात एक म्हातारी आहे, नाव वेगळं, गाव वेगळं, तिला मुलं नाहीत असंही लिहिलं. माझ्या चुलत सासूला चार मुलं. तरी भाऊबीजेला अंक घरात फिरला आणि त्या उठून गेल्या. मला निरोप आला, 'माया मिसरीचा डबा तिनं छापून टाकला.' त्या पितळी डब्याच्या झाकणाला सुतळी बांधलेली होती, ती मी जशीच्या तशी लिहिली होती. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी पुरणाचं ताट घेऊन गेले तेव्हा कुठं बोलल्या.

माणसं नावानं ओळखत नाहीत, वस्तूवरून ओळखतात. म्हणून आता कथा कोणाला दाखवायच्या आधी मी एकदा फक्त वस्तूंसाठी वाचते. मिसरीचा डबा असेल तर त्याचा चष्मा करते.

रातकिडा
काटेसावर ताई, इथं माझं पटत नाही. सुतळी बांधलेला डबा काढला की त्या म्हातारीत उरलं काय? तो डबा होता म्हणूनच ती कथा छापली गेली असेल. दुखवायचं नाही म्हणून खरं पुसत गेलो तर आपल्याकडच्या गोष्टी आपण लिहायच्या तरी कशा?

काटेसावर
भाऊ, तुम्हाला आखाजीपर्यंत एकाच वाड्यात राहायचं नव्हतं. एका आडाचं पाणी भरायचं आणि तोंड फिरवायचं, हे सहा महिने करून पाहा. तरी तुमचं अर्धं बरोबर आहे. चष्मा केला तर त्याच्या काडीला दोरा बांधलेला असावा लागतो. म्हणजे वस्तू बदलायची, पण तिला तितकंच जवळून पाहायचं. ते जमायला वेळ लागतो.

पळसफूल
हे मी वहीत लिहून घेतलं.

दर्यापूरकर (सध्या पुणे)
माझी अडचण वेगळी होती. मी सुरुवातीला सगळ्या कथा इथल्या एका ओळखीच्या संपादकांना दाखवल्या. 'संवाद प्रमाण मराठीत करा, वाचकाला अडखळायला होतं,' असं ते म्हणाले. केले. मग तीच कथा बाबांना फोनवर वाचून दाखवली तर ते म्हणाले, 'हे लोक कोन्या गावचे होये?' आपल्याच घरातली माणसं त्यांना परकी वाटली. तेव्हा कळलं, कथा ज्यांची आहे त्यांच्यापैकी एक जण तरी पहिल्या वाचकांत हवा.

वऱ्हाडी बोलीमुळे वाचक अडखळतो असं कोणी म्हणालं तर सांगा, उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली आणि तिच्यातली माणसं वऱ्हाडीच बोलतात. महाराष्ट्रभर वाचली गेली.

झाडीतला (वडसा)
विदर्भ म्हटलं की सगळे वऱ्हाडीच बोलतात असं धरून चालता का जी? आमच्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात झाडी बोली आहे. तिच्यातही लिहिणारे आहेत.

दर्यापूरकर
चुकलं दादा. तुमच्याकडे 'काहून' म्हणतात की 'कायले'?

झाडीतला
दोन्ही ऐकू येतात. कोणता शब्द कधी येतो ते समोर सासरा आहे की साळा यावर आहे.

आता मूळ मुद्दा. झाडीपट्टी रंगभूमीत लिहिणाऱ्याला अभिप्राय मागावाच लागत नाही. दिवाळीनंतर मंडईच्या (म्हणजे गावच्या जत्रेच्या) दिवसांपासून होळीपर्यंत आमच्याकडे गावोगावी नाटकं होतात, रात्रभर चालतात. मी दोन नाटकांत एकेक प्रवेश लिहून दिला आहे. पहाटे तीनला हजारभर माणसं थंडीत घोंगडी पांघरून बसलेली असतात. प्रवेश ढिला पडला की एकेक जण उठून चहाच्या दुकानाकडे जाते. मी मांडवाच्या मागं उभा राहून कोणत्या वाक्याला किती लोक उठले ते पाहायचो. लाजायला जागाच नसते, कारण कोणी तुमच्याकडे पाहत नाही, सगळे स्टेजकडे पाहतात. बिलबुक ताईंनी हेच करावं. आपण लिहिलं आहे हे न सांगता वाचून दाखवावं.

संत्राबाग
हे भारी आहे. 'एका अंकात वाचली' म्हणून सांगायचं.

पळसफूल
एकदा चालेल. पण घरात खोटं फार दिवस टिकत नाही, आणि कथा आवडली तर 'तो अंक आण' म्हणतील.

हिरवा चुडा
मला भीती असते की कोणी चोरेल. आमच्याकडे एका मुलीची कविता दुसऱ्यानं स्वतःच्या नावानं गॅदरिंगला म्हटली होती.

कोर्टाची पायरी
वकील आहे, म्हणून थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं कथा कागदावर उतरली त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही, 'सून घर सोडून जाते' यावर कोणीही लिहू शकतं. आपला मसुदा स्वतःला ईमेल करून ठेवा, तारखेचा पुरावा राहतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मोठ्या ग्रुपवर अख्खी कथा टाकू नका. दोन फॉरवर्डमध्ये नाव गळून जातं. शिवाय बरेच दिवाळी अंक अप्रकाशित कथाच मागतात, म्हणून कुठंही उघड्यावर टाकताना एखादा तुकडाच टाकावा.

उंबराखाली (मेहकर तालुका)
उशिरा आलो, पण मला यात सर्वांत जास्त सांगायचं आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी एसटीनं गेलो होतो. पिशवीत तीन कथा होत्या. दोन दिवस मांडवात फिरलो. कवितेला कविकट्टा होता, नाव दिलं की कोणीही वाचू शकत होतं. कथा घेऊन आलेल्यानं कुठं उभं राहावं ते मला उमगलं नाही. ज्या लेखकांना दाखवायचं ठरवलं होतं त्यांच्यापर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा पुस्तकावर सही घेऊन परतलो. पिशवी तशीच घरी आली.

परतताना गाडीत ठरवलं, मोठ्या माणसापर्यंत जायची आपली हिंमत नाही, तर आपल्यासारखेच शोधू. आमच्या गावात 'ड' वर्गाचं वाचनालय आहे. एक खोली, चार कपाटं, संध्याकाळी दोन तास उघडं. तिथल्या बाईंना विचारलं, कथेची पुस्तकं कोण कोण नेतं? त्यांनी रजिस्टर काढलं. तीन नावं निघाली: एक आरोग्याचं काम करणारी आशा सेविका, एक पिठाच्या गिरणीवाला, एक बी. ए. ला असलेला पोरगा. तिघंही गुपचूप लिहीत होते! एकाच गावात, एकाच कपाटातली पुस्तकं नेत होते आणि एकमेकांना पत्ता नव्हता.

आता आम्ही चौघं महिन्यातून एकदा बसतो. लिहिणाऱ्यानं स्वतःची कथा वाचायची नाही, दुसऱ्यानं वाचायची. हे लाजणाऱ्यांसाठी फार मोलाचं आहे. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तो कुठं अडतो ते लगेच कानाला कळतं. मग तिघं बोलतात, आणि तोवर लिहिणाऱ्यानं एक शब्द बोलायचा नाही. 'माझ्या मनात असं होतं' हे तर अजिबात नाही, कारण मनातलं कागदावर आलं असतं तर सांगावं लागलं नसतं. पहिल्या बैठकीत गिरणीवाले दादा इतके कसनुसे झाले की उठून बाहेर गेले आणि दहा मिनिटं आमच्याच चपला नीट लावत बसले. आज ते सर्वांत चांगलं ऐकतात.

तुमच्याकडे असं काही नसेल तर विदर्भ साहित्य संघाची शाखा जवळपास आहे का पाहा. संघ १९२३ मध्ये अमरावतीत स्थापन झाला, मुख्यालय आता नागपूरला आहे, बऱ्याच ठिकाणी शाखा आहेत. पण त्याआधी वाचनालयाचं रजिस्टर.

बिलबुक
सगळ्यांचे आभार कसे मानू? दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचते आहे. वकील भाऊंनी सांगितल्याप्रमाणे एक तुकडाच टाकते. हीच ती सुनेची कथा. पाठवायचं बटण दाबताना आताही हात थंड आहेत.

"सकाळी सहालाच बाया वावरात शिरल्या. दव पडलेलं होतं. धुऱ्यावरच्या बाभळीला शांतानं लेकराची झोळी बांधली आणि ओळ धरली. तिच्या ओटीत पांढराशुभ्र कापूस भराभर पडत होता. तिच्या अंतःकरणात वेदनांचा महासागर उसळला होता. संध्याकाळी मालकानं काटा लावला. शांताचा एक क्विंटल भरला. मालक म्हणाला, 'तू आज खूप मेहनत घेतलीस.' शांता काही बोलली नाही. तिनं ओटी सोडून झटकली. एक सरकी खाली पडली. तिनं ती उचलली आणि पदराच्या गाठीत बांधली."

संत्राबाग
शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. खरंच.

डवरा
ताई, तुम्ही धीर केला, म्हणून स्पष्ट बोलतो. एका बाईनं दिवसात एक क्विंटल? पहिल्या वेचणीला वावर पांढरं झालं असलं तरी चाळीस किलो म्हणजे लय झालं. ज्यानं कापूस वेचला त्याची गोष्ट तिथंच तुटते. दुसरं, दवात वेचत नाहीत. ओला कापूस गठ्ठ्यात पिवळा पडते, व्यापारी ओलीची कटती लावते. ऊन चढू द्या, मंग बाया शिरू द्या.

बंडीचं चाक
वेदनांच्या महासागरापाशी ड्रायव्हरसाहेब झोपले असते, पोरी. यवतमाळात समुद्र कुठून आला? पण सरकीपाशी ते उठून बसले असते.

दर्यापूरकर
मालक हे वाक्य कोणत्याही जन्मात बोलणार नाही. 'बराच येचला वं आज,' एवढंच म्हणेल, तेही वहीत पाहून.

पळसफूल
मला एक विचारायचं आहे. तिनं ती सरकी का बांधली?

डवरा
पेराले तर कामाची नाही. बीटी संकरित आहे, सरकी ठेवून पेरली तर तसं पीक येत नाही. दरवर्षी नवीन पाकीट घ्यावंच लागते.

बिलबुक
पळसफूल ताई, तुमचा प्रश्न वाचून मी दुकानातच बसून राहिले. लिहिताना सहज आलं होतं. डवरा भाऊंनी सांगितलं ते मी रोज गिऱ्हाइकाला सांगते, '४७५ ग्रॅमचं पाकीट घ्या, घरची सरकी चालणार नाही.' शांतालाही ते माहीत असणार. उगवणार नाही तसं, हे माहीत असून तिनं बांधली. म्हणजे ती पेरण्यासाठी नेतच नाही. हे मला आज कळलं.

काटेसावर
हे कथेत लिहू मात्र नका. तिला नुसती गाठ बांधू द्या.

रातकिडा
मी माझं म्हणणं मागं घेतो. वर्षभर थांबायची गरज नव्हती. योग्य लोक हवे होते, मलाही.

बिलबुक
आठ दिवसांनी लिहिते आहे. महासागर काढला. क्विंटलचे अडतीस किलो केले. ऊन चढल्यावर बाया शिरल्या. मालक 'बराच येचला वं' म्हणाला.

आणि काल रात्री आईला वाचून दाखवली. अंकातली आहे असं सांगणार होते, पण तोंडातून निघालं, 'म्या लिवली.' ती दिव्याखाली गहू निवडत होती. मान वर केली नाही. मी बंडीचं चाक काकांचे 'मंग?' मोजायचे ठरवले होते, पण तिनं एकदाही 'मंग?' म्हटलं नाही. फक्त सून रात्री दाराची कडी काढते तिथं तिचे सुपातले हात थांबले. कथा संपली. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, 'अन् झोळीतलं पोट्टं कुठी गेलं?'

मंडळी, मी लेकराला बाभळीला बांधून विसरून गेले होते. पहिल्या पानानंतर ते कुठंच नाही.

पळसफूल
आम्ही सगळ्यांनी वाचलं. एकालाही दिसलं नाही!

उंबराखाली
आमच्या बैठकीत तुमच्या आईंसाठी एक जागा राखून ठेवतो.

डवरा
मी कापसाचं वजनच पाहत राह्यलो.

काटेसावर
मग आता काय करणार? तिला सोबत नेणार की ठेवणार? दोन्हीत कथा पूर्ण वेगळी होते.

बिलबुक
तेच लिहिते आहे. आईला विचारलं तर म्हणाली, 'मले काय इचारते, तिले इचार.' आता शांता कडी काढते, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकते, आणि आढ्याला बांधलेली झोळी हलते. लेकरू उठलेलं नाही, नुसतं कूस बदललं आहे. तिथपर्यंत आले आहे.

बंडीचं चाक
मंग?